घुंगरं वाजतच राहिली

अंगद,

तुझी रसवंती परवापासून पुन्हा सुरू झाली. सुमनवहिनी गल्ल्यावर बसते आणि चरकावर मी असतो. शाळेला सुट्टी आहे म्हणून जमतं. ऊस आत सारताना बोटं कुठवर न्यायची हे अजून हाताला कळत नाही. येणारं गिऱ्हाईक आधी तुझ्या फोटोकडे बघतं, मग माझ्याकडे, आणि मग ग्लासाकडे. काल एक म्हातारा म्हणाला, "गुरुजी, आलं लई झालं. अंगद एवढं न्हाई घालायचा." मी लगेच माफी मागितली. हल्ली मी कुणाचीही माफी पटकन मागतो. जिथं मागायची होती तिथं मागितली नाही, म्हणून असेल.

तुझ्या तेराव्याला सगळे म्हणाले, गुरुजी, तुम्ही चार शब्द बोला. तुम्ही मित्र, तुम्हीच दाजी. मी उठलो, माइकपर्यंत गेलो आणि परत येऊन सतरंजीवर बसलो. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं. तसं नव्हतं. माझी ऋतुजा समोरच बायकांत बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिच्यासमोर मला तुझ्याबद्दल गोड बोलता येईना.

म्हणून हे लिहितोय. चार शब्दांत मावणारं नाही.

अंबाजोगाईच्या वसतिगृहात आपण एका खोलीत होतो, तेव्हा तू मला "बे" म्हणायचास. "ऊठ बे, आंघोळीचं पाणी संपतंय." "काय बे, एवढं वाचून कलेक्टर होणार हायस का?" दुसऱ्या वर्षी तू कॉलेज सोडून उसात गेलास आणि मी डी.एड. करून शाळेवर लागलो. मग तुझी बहीण लता माझ्या घरात आली आणि मी तुझा दाजी झालो. चारचौघांत तू मला "दाजी" म्हणायचास, "बसा, रस घ्या" म्हणायचास, आणि माणसं पांगली की हळूच, "पी बे, फुकटचा हाय." मला ते दोन्ही आवडायचं. दाजी हा मान होता आणि बे हे घर होतं.

ऋतुजा पहिल्यांदा नीटला बसली ते बारावीच्या वर्षी. लागली नाही. त्या दिवशी घरात सगळे तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होतो. लता म्हणाली, थोडक्यात हुकलं. मी म्हणालो, पेपरच अवघड होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, मुलीच्या जातीला एवढं ओझं कशाला. ती कोपऱ्यात बसून सगळ्यांना मान डोलवत होती. तू संध्याकाळी आलास, चप्पल काढायच्या आधीच विचारलंस, "लागली का?"

"नाही, मामा."

"किती राहिलं?"

तिनं सांगितलं. ते थोडकं नव्हतं. तू खाली बसलास आणि म्हणालास, "मंग लईच राहिलं की गं माय. आता रड, मंग जेव. उद्या बघू."

ती रडली. त्या दिवशी पहिल्यांदा. मला तुझा राग आला होता, म्हणालो, जरा गोड बोलावं माणसानं. तू हसलास. "गोड बोलायला माझा चरक हाय की दाजी. मी कशाला?"

तेव्हापासून तिचा तुझ्यावर विश्वास बसला. आमच्यावर तिचं प्रेम होतं. ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला आत्ता कळतंय.

पुढच्या वर्षी तिनं रिपीट केलं. लातूरला क्लास, मुलींच्या वसतिगृहात कॉट, आणि बटणांचा साधा फोन, कारण मोठा फोन ठेवायला तिथं बंदी. पेपर जवळ आला आणि माझ्या छातीत दुखायला लागलं. संभाजीनगरला नेलं, ब्लॉकेज निघालं, स्टेंट टाकायचं ठरलं. मी लताला आणि तुला निक्षून सांगितलं की ऋतूला कळू द्यायचं नाही. तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, ऐकलंस.

ऑपरेशनच्या सकाळी डोळे उघडले तर ती पायाशी उभी. तू मोटारसायकलवर लातूरला जाऊन तिला घेऊन आला होतास.

तिचा पेपर झाला, निकाल लागला, आणि ती पुन्हा राहिली. ह्या वेळी खरंच थोडक्यात. पहिला राऊंड, दुसरा राऊंड, शेवटचा राऊंड. प्रत्येक यादीच्या वेळी आम्ही तिघं मोबाइलच्या पडद्याला डोळे लावून बसायचो. शेवटची यादी लागली त्या दिवशी मी रसवंतीवर आलो. ऋतू आणि लता मागच्या शेडमध्ये वहिनीजवळ बसल्या होत्या, हे मला माहीत होतं. तरी मी आवाज चढवला.

"तुझ्यामुळं गेली तिची सीट. सांगितलं होतं ना, कळू देऊ नको?"

तू ग्लास विसळत होतास. विसळून पालथा घातलास. "दाजी, पेपर तिचा हाय तसा बाप बी तिचाच हाय. काय सांगायचं अन् काय लपवायचं, हे आपण कोण ठरवणार?"

"मी ठरवणार. बाप आहे मी."

"बरं," तू म्हणालास. मग माझ्यासाठी ग्लास भरलास आणि विचारलंस, "बर्फ टाकू का तुमाला?"

तुमाला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं, अंगद. तरी तू मला तुमी म्हणालास. त्या दिवसानंतर तू मला कधी बे म्हणाला नाहीस. दिवाळीला आलास, ओवाळून घेतलंस, माझ्या पाया पडलास, दाजी दाजी केलंस. बाकीच्यांना वाटलं, अंगद वयानं सुधारला. शिक्षा चालू होती हे फक्त मला माहीत होतं. ती संपवायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी रोज म्हणायचो, आज नको, आज त्याच्याकडे गर्दी आहे.

तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा प्रश्न आला तेव्हा मी थकलो होतो. हे कबूल करायला लाज वाटते. ती थकली नव्हती आणि मी थकलो होतो. लग्नात, पारावर, शाळेच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न, "गुरुजी, मुलीचं काय झालं यंदा?" उत्तर देऊन देऊन माझं तोंड वाळलं होतं. मी म्हणालो, बस झालं, बी.एस्सी. कर, माझ्यासारखी शिक्षिका हो. ती एस.टी. धरून तुझ्याकडे आली. आणि संध्याकाळी तू तिला मागं बसवून आमच्या दारात.

"दाजी, पोरीला आजून एकदा बसायचंय. तुमी न्हाई म्हणत असाल तर सोडायला मी जातो. भांडायला आलो न्हाई."

मी तुझ्याशी न बोलता तिची बॅग भरायला लागलो. तेच माझं हो होतं. तिला लातूरला सोडून आलास ते तूच. तिथून रोज संध्याकाळच्या सुट्टीत ती तुला फोन करायची. आम्हाला दोन दिवसांआड, तुला रोज. काय बोलता एवढं, मी एकदा विचारलं, तर तू म्हणालास, "ती सांगती आज काय जमलं न्हाई ते. मी सांगतो आज किती ऊस किडका निघाला."

मग तो एप्रिलचा शेवट. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. तू दुपारी चरकाजवळ खाली बसलास, वहिनीला म्हणालास, जरा पाणी दे. माजलगावच्या दवाखान्यापर्यंतही तू पोचला नाहीस. मी रसवंतीवर आलो तेव्हा तुला परत आणून खाली निजवलेलं होतं आणि चिपाडांच्या ढिगावर कुणीतरी तुझा गमछा ठेवला होता.

मला वाटतं तुला खाली बघताच माझ्या मनात जो पहिला विचार आला तो तुझा नव्हता. पेपरचा होता. पेपर दहा-बारा दिवसांवर आला होता.

मी ठरवलं. पुन्हा मीच.

लता ओट्यावर बसून रडत होती. मी जवळ जाऊन म्हणालो, ऋतूला आत्ता सांगायचं नाही. तिनं रडणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "माझा भाऊ हाय तो. तिचा मामा हाय. तोंड बघू देणार न्हाई का तिला?" मी म्हणालो, तिसरं वर्ष आहे, लता. हे गेलं तर सगळं गेलं. भोवती जमलेली माणसं लगेच माझ्या बाजूनं झाली. "गुरुजींचं बरोबर हाय. गेलेलं माणूस काय परत येत न्हाई, लेकराचं वर्ष जाईल." सगळा गाव शहाणा झाला होता. तुझा संदीप पुण्याहून येऊन पोचला तेव्हा दमून कोसळल्यासारखा होता. त्याला मी दोन्ही खांदे धरून हेच सांगितलं, आणि बिचाऱ्यानं मान डोलावली.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. ज्यांनी मोबाइलवर तुझ्या फोटोचं स्टेटस ठेवलं होतं, त्यांना एकेकाला फोन करून ते काढायला लावलं. लातूरला शिकणारी आपल्या भागातली पोरं आहेत, त्यांच्याकडून कळेल. तुझ्या मित्रांनी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा ठरवला होता, फोटोही निवडला होता, तो ढेकर दिल्यासारखा हसणारा. मी जाऊन थांबवला. बाळू टपरीवाला म्हणाला, "गुरुजी, कालच्या पोराचा वाढदिवस असला तरी ह्या चौकात फ्लेक्स लागतो. अंगदचा न्हाई लावायचा?" मी म्हणालो, पेपर झाल्यावर लावा. म्हणजे तुझं मरणसुद्धा मी पुढं ढकललं.

आणि रोज संध्याकाळी तुझा फोन वाजायचा.

पहिल्या दिवशी मी घेतला. म्हणालो, मामा ऊस आणायला शेतात गेलाय, फोन इथंच विसरला. दुसऱ्या दिवशी म्हणालो, तालुक्याला गेलाय. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पप्पा, तुमी शाळा सोडून मामाच्या रसवंतीवर रोज काय करताय?" म्हणालो, सुट्टीच आहे. ती म्हणाली, "मामाला द्या ना. एकच मिनिट."

चौथ्या दिवशी मी आधीच तयारी केली. मला तो उपाय सुचला याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, हे तुला सांगितलंच पाहिजे. मी तुला कधीही फोन केला तरी मागं चरकाची घुंगरं खणखणत असायची आणि तू त्यावर ओरडून बोलायचास, "हां दाजी, बोला, येतंय ऐकू!" मी ठरवलं, तिला घुंगरं ऐकवायची. आवाज ऐकला की तिला वाटेल तू तिथंच आहेस. तुझ्या रसवंतीवर पडदा ओढलेला होता, आत कोणी नव्हतं. मी बटण दाबलं. चरक रिकामाच फिरायला लागला आणि चाकाला बांधलेली घुंगरं वाजायला लागली. फोन आला. मी ओरडून म्हणालो, "अगं, लई गर्दी आहे! मामाचे हात रसात आहेत! ऐक, ऐकू येतंय ना?" आणि फोन चाकाजवळ धरला.

ती काही वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं. मामाला म्हणावं, मी अभ्यास करतीय."

त्यानंतर तिनं एकदाही तुला मागितलं नाही. मला वाटलं, जमलं.

मी बटण बंद केलं. घुंगरं थांबली तरी कानात वाजत होती. तुझी चिता विझून तीन दिवस झाले होते आणि मी तुझं दुकान चालू असल्याचं नाटक करून आलो होतो.

दहाव्याला सिंदफणेच्या काठावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. तुला माहीत आहे तिथं काय चालतं. एकेकजण पुढं येऊन म्हणायला लागला. संदीप म्हणाला, आईला सांभाळीन. वहिनी म्हणाली, रसवंती बंद पडू देणार नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. "गुरुजी, भाचीत जीव होता त्याचा. म्हणा, तिला डॉक्टर करतो." मी हात जोडून म्हणालो, अंगद, ऋतूला डॉक्टर करीन. कावळे पलीकडच्या बाभळीवर बसलेले होते, एक हलला नाही. काय म्हणायला पाहिजे होतं ते मला माहीत होतं. लतालाही माहीत होतं, ती माझ्याकडेच बघत होती. चारचौघांत मला म्हणता आलं नाही. ऊन चढलं, लोक घड्याळं बघायला लागले, शेवटी गुरवानं दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. घुंगरांसारखाच तोही खोटा.

पेपरच्या दिवशी मी आणि लता लातूरला गेलो. पेपर सुटला. पोरंपोरी बाहेर यायला लागली, कुणी रडत, कुणी आयांच्या गळ्यात. ऋतू सावकाश आली. लतानं तिला जवळ घेतलं आणि लताचाच बांध फुटायच्या आत मी म्हणालो, "ऋतू, मामाबद्दल सांगायचंय."

"माहितीय, पप्पा."

मी लताकडे बघितलं. तिनं मान हलवली, तिनं सांगितलं नव्हतं.

"कोणी सांगितलं?"

"तुमीच."

आम्ही रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उभे होतो. तिनं पारदर्शक बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग बोलली. "माझा फोन आला की मामा चरक बंद करायचा. रोज. आधी घुंगरं थांबल्याचं ऐकू यायचं, मंग गिऱ्हाईक ओरडायचं, मंग मामा म्हणायचा, बोल माय. त्या दिवशी तुमी फोन चरकाजवळ धरला, तर घुंगरं वाजतच राहिली." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "मामा असता तर वाजली नसती."

अंगद, मी फोन केला तर तू ओरडून बोलायचास. तिचा आला की यंत्र थांबवायचास. इतक्या महिन्यांत मला हे माहीत नव्हतं, कारण तिच्या फोनच्या वेळी मी कधी तिथं नव्हतोच.

मी विचारलं, "मग तू आली का नाहीस? एक फोन केला असतास तर न्यायला आलो असतो."

ती माझ्याकडे न बघता बोलली. "आले असते आन् पेपर गेला असता, तर तुमी पुन्हा मामालाच बोलला असता. मागच्या वेळी मी शेडमधी होते, पप्पा. सगळं ऐकलं मी. त्याला आता उलटून बोलता बी आलं नसतं."

लता खाली रस्त्यावरच बसली.

तुझी भाची तुझ्या मरणावर एकटी, त्या कॉटवर, फिजिक्सची गणितं सोडवत बसली. मी तिला दुःखापासून वाचवत होतो आणि ती तुला माझ्यापासून. गाडीत तिनं आणखी एकच गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी तिला तू आणलं नसतंस, तर तिच्यानं पेपरात बसवलंच नसतं. वसतिगृहात कुणीतरी कुजबुजलं होतं की हिच्या वडिलांना संभाजीनगरला नेलंय, आणि तिला वाटलं होतं मी गेलो आणि सगळे लपवतायत. तू तिला माझ्या पायाशी आणून उभं केलंस म्हणून ती लिहू शकली. हे तू मला सांगितलं असतंस तर? पण तू सांगितलं नाहीस. ग्लास भरून बर्फ विचारलास.

फ्लेक्स नंतर लागला. तोच ढेकरवाला फोटो. बाळूनं खाली स्वतःचा फोटोही घातलाय, तुझ्याएवढाच मोठा. तू असतास तर आठवडाभर त्याला पिडलं असतंस.

आन्सर-की आली आहे. ऋतूनं ताडून बघितलं आणि कागद मिटून ठेवला. आकडा मला सांगितला, ह्या वेळी मी काही गोड बोललो नाही. कट-ऑफच्या आसपास आहे. लागेल, नाही लागणार, कुणालाच सांगता येत नाही. काल ती वसतिगृहावर तिचं राहिलेलं सामान बघायला गेली. संध्याकाळी रसवंतीवर गर्दी होती, कारखान्याकडून परतणारी माणसं होती, चरक फिरत होता, आणि तुझा फोन, जो आता गल्ल्याजवळ असतो, वाजला. तिचं नाव.

मी बटण दाबलं. चाक गरगरत गरगरत मंद झालं, घुंगरं एक-दोनदा वाजून थांबली. "ओ गुरुजी, अर्ध्यातच कावून बंद केलं?" एकजण ओरडला. वहिनी गल्ल्यावरून उठून उभी राहिली. तिला कळलं होतं.

"बोल माय," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडात नव्हता, तुझा होता, तो आपोआप आला.

मग ती म्हणाली, "पप्पा, मालकीणबाई विचारतायत. कॉट सोडायची का पुढच्या वर्षासाठी ठेवायची. काय सांगू?"

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. दोन उत्तरं तयार होती. एक थकलेल्या माणसाचं आणि एक दहाव्याला घाटावर हात जोडलेल्या माणसाचं. मी दोन्ही गिळली.

"तुला काय वाटतं?"

"चरक बंद केलाय ना तुमी?"

"हो."

"मंग सांगते," ती म्हणाली.